संधिपाद ओळखायला शिकताना: नावाआधी पाय मोजा

मुलगी सहावीत असताना शाळेने ‘घराजवळचे दहा प्राणी’ अशी वही करायला सांगितली. चिमणी आणि पाल झाल्यावर उरलेले आठही प्राणी किडे-कोळी-गोमांच्या जातीतले निघाले. आम्ही दोघींनी दोन महिने फोटो जुळवून नावं शोधली आणि वही भरली. नंतर कळलं की निम्म्या नोंदी चुकल्या होत्या. मृगाच्या किड्यासमोर आम्ही ‘कीटक’ लिहिलं होतं आणि कढीपत्त्यावरच्या अळीसमोर ‘सोळा पाय, कीटक नाही’. दोन्ही चूक.

चुकीचं मूळ एकच होतं: शरीर वाचायला शिकण्याआधीच आम्ही नावाच्या मागे लागलो होतो. पुढे प्राणिशास्त्र शिकवलेल्या एका निवृत्त बाईंनी आमच्यासमोर ताटलीत कोळंबी ठेवली आणि म्हणाल्या, ‘हिच्यापासून सुरू करा.’ खाली दिलेला क्रम तिथूनच आला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो शक्यतो मोडू नये.

काय काय लागेल

- दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. सोनाराकडे असतं तसं चालेल. मोठ्या गोल भिंगाने पायाचे सांधे नीट दिसत नाहीत.
- पांढरा कागद किंवा पांढरी ताटली, मिलिमीटरची पट्टी.
- मऊ केसांचा रंगाचा ब्रश. चिमट्याने पाय तुटतात, ब्रशने नाही.
- पारदर्शक प्लॅस्टिकची डबी, झाकणाला बारीक भोकं.
- वही आणि पेन्सिल. पावसात पेन फुटतं.
- मोबाइल. जवळून फोटो काढायची चिमट्याची भिंगं मिळतात, पण पहिल्या महिन्यात ती नसली तरी अडत नाही.

कागदपत्रं लागत नाहीत, पण एक नियम आधीच पक्का करा. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, मेलेलं फुलपाखरूसुद्धा नाही. काही फुलपाखरांना आणि कोळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. नवख्याला त्या जाती ओळखता येत नाहीत, म्हणून घर, अंगण, गच्ची आणि मासळीबाजार एवढीच आपली हद्द धरा.

१. आधी ठरवा: हा संधिपाद आहे का?

‘संधिपाद’ या शब्दातच व्याख्या आहे. संधी म्हणजे सांधा आणि पाद म्हणजे पाय, म्हणून ज्याच्या पायांना सांधे आहेत तो संधिपाद. सोबत आणखी दोन गोष्टी बघा. शरीर खंडांचं बनलेलं आहे का? आणि बाहेरून टणक आवरण आहे का? हे आवरण कायटिन नावाच्या पदार्थाचं असतं. आपली हाडं आत असतात आणि स्नायू त्यांच्या बाहेरून. इथे उलट आहे: सांगाडा बाहेर, स्नायू आत. म्हणूनच त्याला बाह्यकंकाल म्हणतात.

गांडुळाला खंड आहेत, पण पाय नाहीत. गोगलगायीला कवच आहे, पण ते ती आयुष्यभर वाढवत नेते, टाकून देत नाही. शिवाय पायांना सांधे असण्याचा प्रश्नच नाही. हे दोन्ही प्राणी बाजूला काढा. जळूही काढा. उरतील ते बहुतेक आपले. आणि ते भरपूर उरतात, कारण आजवर नोंदलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी ८० टक्क्यांहून जास्त जाती संधिपादांच्या आहेत.

२. बाजारातून एक मोठी कोळंबी आणा

पहिला धडा झुरळावर घेऊ नका. ते पळतं, किळस येते आणि पाय अंगाखाली दडलेले असतात. कोळंबी मोठी असते, थांबलेली असते आणि तिच्यात जवळजवळ सगळं दिसतं. शाकाहारी घर असेल तर ही पायरी सोडून थेट पाचवीवर जा.

डोक्यासकट, न सोललेली, शक्य तितकी मोठी कोळंबी मागा. ताटलीत थोडं पाणी घालून ती आडवी ठेवा, म्हणजे पाय पसरतील. आता पुढून मागे जात मोजा.

डोक्यावर मिशांच्या दोन जोड्या दिसतील, एक आखूड आणि एक लांबलचक. मिशांना शास्त्रात शृंगिका म्हणतात. दोन जोड्या शृंगिका ही कवचधारी गटाची खूण आहे. कोळंबी, खेकडा, शेवंड हे सगळे त्यातच. मग तोंडाभोवती घास धरणारी, फाडणारी छोटी अवयवं. त्यांच्या मागे चालायच्या पायांच्या पाच जोड्या. पोटाखाली पोहायच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या पाच जोड्या आणि शेवटी शेपटीच्या पंख्याची एक जोडी. तोंडाजवळची सगळी धरून एकूण १९ जोड्या भरतात. पहिल्यांदा मोजताना आमच्या तेरा-चौदाच भरल्या, कारण तोंडाजवळच्या एकमेकांना चिकटून असतात. सुईने हळूच वेगळ्या करा.

यातली मोठी गोष्ट अशी की मिशी, जबडा, पाय आणि वल्हं ही सगळी मूळच्या एकाच साच्यातून घडलेली अवयवं आहेत. प्रत्येक खंडाला एक जोडी, आणि त्या जोडीला जे काम तसा तिचा आकार. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे गोमेची विषारी नखं, कोळ्याचे दात, विंचवाचे डेंगे हे सगळं त्याच हिशेबात बसतं.

आता डोक्याकडच्या कवचाची एक बाजू उचला. आत पिसांसारखे कल्ले दिसतील. खेकडा साफ करताना आपण जी मऊ, राखाडी बोटं काढून टाकतो, तेही कल्लेच. मग पाठीवरून चीर द्या आणि तो काळा धागा काढा. स्वयंपाकघरात त्याला ‘शीर’ म्हणतात, पण ती शीर नाही, आतडं आहे. खरी मज्जारज्जू बघायची तर कोळंबी उलटी करा: पोटाच्या बाजूने, मधोमध एक पांढरट दोरा जातो. आपली मज्जारज्जू पाठीत आणि हृदय पुढे. हिचं हृदय पाठीकडे आणि मज्जारज्जू पोटाकडे. सगळ्याच संधिपादांत मांडणी अशीच.

डोक्याच्या कवचाखालीच हृदय आणि जठरही आहे. म्हणजे आपण ज्याला कोळंबीचं ‘डोकं’ म्हणतो ते नुसतं डोकं नव्हे. डोकं आणि छाती एक झालेला तो भाग आहे, शिरोवक्ष. आणि आपण खातो ते जवळजवळ सगळं पोटाचे स्नायू आहेत, शेपटी झटकून मागे उडी मारणारे.

शिजवताना ती लाल-केशरी का होते, हे मुलं विचारतातच. तो रंग आधीपासून कवचात असतो, पण एका प्रथिनाला बांधलेला असल्यामुळे निळसर-राखाडी दिसतो. उष्णतेने प्रथिन उलगडतं आणि रंग मोकळा होतो.

३. आता पाय मोजा

साधा हिशेब असा:

- सहा पाय: कीटक. मुंगी, झुरळ, चतुर, काजवा, फुलपाखरू.
- आठ पाय, मिशा नाहीत: कोळी, विंचू, गोचीड, मृगाचा किडा.
- दहा पाय: खेकडा, कोळंबी.
- चौदा पाय, कुंडीखाली सापडणारा राखाडी, चपटा जीव: हाही कवचधारीच, खेकड्याचा जमिनीवर राहणारा नातेवाईक. ओल गेली की मरतो.
- प्रत्येक खंडाला एक जोडी: गोम. दोन जोड्या: पैसा, म्हणजे शेतकरी ज्याला वाणी म्हणतात तो.

हिशेब सोपा आहे, पण फसगती इथेच होतात. आम्ही ज्यांत अडकलो त्या सांगते.

*अळीचे सोळा पाय.* भिंगातून बघा. पुढचे सहा पाय बारीक, टोकदार, सांध्यांचे. मागचे जाडसर, मऊ, बिनसांध्याचे. ते पोटाच्या कातडीचे फुगवटे आहेत, फांदी पकडायला. सांध्यांचेच पाय मोजायचे. सहाच भरतात, म्हणून अळी कीटकच.

*चार पायांचं फुलपाखरू.* वाघ्या रंगाची केशरी फुलपाखरं चारच पायांवर बसलेली दिसतात. पुढची जोडी आखडून छातीशी घट्ट असते. बाजूने फोटो काढून मोठा करा.

*सहा पायांची गोचीड.* अंड्यातून नुकती निघालेली गोचीड सहा पायांची असते. पहिली कात टाकल्यावर आठ होतात. मृगाच्या किड्याचंही तसंच. जूनच्या पहिल्या पावसात दिसतो तो लाल मखमली किडा प्रौढ असतो, त्याचे आठ पाय मोजून घ्या. तो कोळ्यांच्या बाजूचा आहे.

*दहा पायांचा कोळी, दहा पायांचा विंचू.* कोळ्याच्या तोंडाजवळ पायांसारखी एक आखूड जोडी असते. ती स्पर्शाची आहे, चालायची नाही. तिचं टोक फुगलेलं, मुठीसारखं दिसलं तर तो प्रौढ नर. विंचवाचे डेंगे म्हणजे तीच जोडी मोठी झालेली.

*मुंगी नसलेली मुंगी.* आंब्याची पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांत कधी कधी एक कोळी फिरत असतो. तो पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो. त्यामुळे ‘मुंगी’ लिहिण्याआधीही मोजा.

*गोमेचे शंभर पाय.* कुठल्याच गोमेला बरोबर शंभर पाय नसतात, कारण प्रौढ गोमेच्या जोड्यांची संख्या विषम असते आणि शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या. पैशाचे पाय मोजताना अंगाच्या मधोमध बघा. पुढच्या तीन-चार खंडांवर एकेकच जोडी असते, किंवा नसतेच. हजार पाय ओलांडणारा पहिला पैसा ऑस्ट्रेलियात जमिनीखाली सापडला आणि २०२१ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याला १,३०६ पाय होते.

४. शरीराचे तुकडे बघा

हे पटकन होतं. कीटकाचे तीन भाग: डोकं, छाती, पोट, सगळे पाय आणि पंख छातीला. कोळ्याचे दोन, मध्ये बारीक कंबर. गोम आणि पैसा यांना डोकं आणि मागे नुसते खंडच खंड. मिशा: कीटकाला एक जोडी, कवचधाऱ्याला दोन, कोळ्या-विंचवाला एकही नाही. पाय मोजताना खात्री नसेल तेव्हा मिशा निकाल देतात.

५. कात शोधा

माझ्या मते या सगळ्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला एकच ओळ मिळते.

टणक आवरण ताणत नाही. म्हणून वाढायचं तर ते फोडून बाहेर यावं लागतं. आत नवं आवरण आधीच तयार असतं, मऊ आणि सुरकुतलेलं. प्राणी बाहेर येतो, हवा किंवा पाणी घेऊन फुगतो आणि त्या फुगलेल्या मापावर नवं आवरण कडक होतं. तेवढा वेळ तो अगदी असहाय असतो: पळता येत नाही, चावता येत नाही.

मे महिन्यात सह्याद्रीतल्या कुठल्याही गावी गेलात तर झाडांच्या खोडांवर सिकाडाच्या, म्हणजे उन्हाळ्यात झाडांवर कर्कश ओरडणाऱ्या कीटकाच्या, रिकाम्या काती चिकटलेल्या दिसतील. एक घरी आणा. पाठीवर सरळ चीर दिसेल, तिथूनच तो बाहेर पडला. आता चिरेतून आत बघा. पांढरे बारीक धागे लोंबताना दिसतील. ते शिरा नाहीत, श्वासनलिकांचं अस्तर आहे. म्हणजे कात टाकताना प्राण्याने बाहेरचं आवरणच नव्हे, श्वासाच्या नळ्यांचं आतलं अस्तरही ओढून काढलं. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही.

गावी जाणं नसेल तर कोळ्याच्या जाळ्याशेजारी बघा. ‘मेलेला कोळी’ म्हणून झाडून टाकतो ती पुष्कळदा कातच असते. हलकी, पोकळ, आणि डोक्याकडचं झाकण उघडलेलं.

कातीमुळे तीन गैरसमज सुटतात. एक, स्वयंपाकघरात रात्री दिसणारं पांढरं झुरळ वेगळ्या जातीचं किंवा आजारी नसतं. त्याने नुकतीच कात टाकलेली असते. काही तासांत तपकिरी होतं. दोन, लहान माशी ही मोठ्या माशीचं पिल्लू नसते. पूर्ण पंख आलेला कीटक पुन्हा कात टाकत नाही, म्हणून वाढतही नाही. अपवाद फक्त मेफ्लाय या पाण्याकाठच्या नाजूक कीटकाचा, तो पंख आल्यावर एकदा कात टाकतो. तीन, बाजारातला एखादा खेकडा जड दिसूनही आत पाणचट निघतो, तेव्हा दर वेळी विकणारीचा दोष नसतो. नुकती कात टाकलेल्या खेकड्याचं कवच मोठं झालेलं असतं, मांस अजून भरायचं असतं.

६. श्वास आणि रक्त

कीटकाला फुफ्फुसं नसतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, ती श्वासरंध्रं. झुरळाला अशा दहा जोड्या. तिथून नळ्या थेट अवयवांपर्यंत हवा नेतात. म्हणून कीटकाच्या रक्ताला प्राणवायू वाहायचं काम नसतं आणि ते लाल नसतं. डास मारल्यावर हाताला लागतं ते लाल रक्त आपलं किंवा शेजारच्या कुणाचं. कोळंबी, खेकडा आणि विंचू यांच्या रक्तात तांबं असलेलं द्रव्य असतं, त्यामुळे हवा लागली की त्यावर निळसर झाक येते.

रक्त नळ्यांतून न फिरता अंगभर मोकळं खेळतं. त्याचा दाबही कामाला येतो. कोळ्याला पाय सरळ करायला मुख्य सांध्यांत स्नायू नसतात, रक्ताच्या दाबाने तो पाय पसरतो. म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय आत मिटलेले असतात.

७. कढीपत्त्यावरची अळी वाढवा

फवारणी न केलेल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर भिंग लावा. ती बहुधा लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची लहान अळी असते. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, याच कुळातल्या झाडांवर वाढतं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला.

अळी पानासकट डबीत ठेवा. रोज ताजी पानं, रोज विष्ठा साफ. ओल साचू देऊ नका, बुरशीने अळ्या मरतात. आमची पहिली अशीच गेली. दर कातीला डोक्याचं जुनं टरफल गळून पडतं, ते जपून वहीत चिकटवा आणि रुंदी मोजा. वाढ पायरीपायरीने होते, हे त्या टरफलांवरून दिसतं. कातडी मात्र ती पुष्कळदा खाऊन टाकते. ब्रश लागला तर डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंगासारखं काही बाहेर काढून वास सोडेल. घाबरू नका, धुतल्यावर वास जातो.

कोष धरण्याआधी डबीत उभी काडी ठेवा. फुलपाखरू बाहेर आल्यावर त्याला लोंबकळून पंख फुगवायला जागा हवी, आणि पंख फुगतात ते रक्त भरूनच. जागा मिळाली नाही तर ते तसेच वाळतात. अंड्यापासून साधारण महिनाभर धरा. नंतर सोडून द्या.

८. दगड उचलण्याआधी हे वाचा

दगड कधीही उघड्या हाताने उचलू नका. काठीने, आणि आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे खालचा प्राणी समोरच्या बाजूला पळतो. पायात बूट हवेत, आणि घालण्याआधी ते झटका. पैशाला हाताळलं तर हातावर तपकिरी डाग आणि जळजळ होऊ शकते; डोळ्याला हात लावू नका. गोम चावते ती तोंडाने नाही, पहिल्या पायांच्या जोडीने. त्या पायांची विषारी नखं झालेली असतात.

विंचवाबाबत एक समज धोकादायक आहे: जितका मोठा तितका विषारी. जाड डेंग्यांची काळी इंगळी भीतिदायक दिसते, पण कोकणातला बारीक डेंग्यांचा छोटा लाल विंचू कितीतरी जास्त घातक. दंशानंतर घाम, ओकारी, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर मंत्र-उताऱ्यात एक मिनिटही घालवू नका, रुग्णालय गाठा. मूल असेल तर लक्षणांची वाटही बघू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले आहेत, पण औषध वेळेत मिळायला हवं.

९. नोंद, आणि सर्वांत शेवटी नाव

वहीत या क्रमाने लिहा: तारीख, वेळ, जागा. लांबी. सांध्यांच्या पायांची संख्या. मिशांच्या जोड्या. शरीराचे भाग. पंख आहेत का, किती. काय करत होता. चित्र, वाईट आलं तरी. फोटो तीन: वरून, बाजूने, समोरून. कोळ्यासाठी समोरचा विसरू नका, डोळ्यांच्या मांडणीवरून कुळ ओळखतात.

एवढं झाल्यावर मगच नाव शोधा. आय-नॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर फोटो टाकले की जाणकार मदत करतात, पण यंत्राने सुचवलेलं पहिलं नाव आपल्या नोंदीशी ताडून बघा. आठ पाय लिहिले असतील आणि सुचवणी मुंगीची असेल तर पायांवर विश्वास ठेवा. जातीपर्यंत पोहोचता आलं नाही तर ‘उड्या मारणारा कोळी’ इथेच थांबा. ठाण्यात सापडलेल्या अशाच एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये २६/११ चे शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून ‘इशियस तुकारामी’ हे नाव मिळालं. शहराच्या कडेलाही अजून नाव न मिळालेले प्राणी आहेत, तेव्हा अर्धवट नोंदही जपून ठेवा.

आणि उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. प्राणी बाहेर असेल तर आधी दगड टेका, मग त्याला ब्रशने कडेला सोडा; तो आपणहून आत जातो.